हॉर्नवर नाचणारी शेवंती

ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला आणि शेवंती नाचायला लागली.

शेवंती म्हणजे कचरूची पांढरीशुभ्र घोडी, वरातीची. आणि जागा म्हणजे शहराबाहेर, हर्सूलच्या पुढं, अजिंठा रोडच्या बरोबर मधोमध. डिसेंबरातले संध्याकाळचे सात, पण अंधार असा की आपलाच हात आपल्याला परका वाटावा. अंगावर मखमली झूल, पाठीवर पंचावन्न वर्षांचा कचरू, आणि ही बया पुढचे पाय आळीपाळीनं उचलून ठेक्यात नाचतेय. मागं उसानं भरलेला ट्रक 'पोंपों-पिपिपीं-पोंपों' असा साग्रसंगीत कोकलतोय. ट्रकचं म्हणणं, बाजूला हो. शेवंतीचं म्हणणं, वा, अजून एकदा!

"आगं चल की भवाने! वरात संपली! नवरदेव जेवायला बसला!" कचरू लगाम ओढत बोंबलत होता. "पाठीवर मी हाय, मी! कचरू!"

ट्रक कचकन ब्रेक मारून चार हातांवर थांबला. ड्रायव्हरनं मुंडकं बाहेर काढलं.

"ओ मामा, तमाशा हितंच लावायचा ठरलाय का? पुढच्या गावाला तरी जाऊ द्या!"

"आरं बाबा, हॉर्न बंद कर! तू वाजवतोस म्हणून ती नाचती!"

"ती नाचती म्हणून मी वाजवतोय!"

दोघांचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत. तेवढ्यात ट्रकच्या मागच्या गाडीनं वेगळ्या सुरात हॉर्न दिला. शेवंतीनं तोही वाया जाऊ दिला नाही.

घरी आल्यावर बायकोनं, भामाबाईनं चहा पुढं केला, तर कचरूनं तो न पिताच बाजूला ठेवला.

"काय झालं वं?"

"नाचली."

"मग? नाचायलाच तर नेता तिला."

"रोडवर नाचली. ट्रकच्या म्होरं."

भामाबाई आधी खदाखदा हसली. मग नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

नाचणं हे शेवंतीचं कुंकू होतं म्हणा ना. शहरात पांढऱ्या घोड्या ढिगानं आहेत, पण लोक फोन करायचे ते "ती नाचणारी हाय ना, तीच पायजे" असं म्हणत. आणि थंडी म्हणजे लग्नांचा हंगाम. पत्रिकेत मुहूर्त चारचा, नवरदेव घोडीवर चढणार साडेपाचला, कारण त्याच्या मित्रांची नाचायची हौस फिटत नाही. सूर्य काय कुणाच्या करवल्यांसाठी थांबतो? घोडी मोकळी होईपर्यंत काळोख. मंगल कार्यालयवाले घोडीला रात्रभर ठेवून घेत नाहीत, म्हणतात, लीद कोण काढणार. टेम्पोत घालावी तर शेवंती फळीवर पाय ठेवत नाही, वर चढवणाऱ्याला मात्र लाथ ठेवून देते. राहिला अजिंठा रोड. त्यावर धुकं, आणि मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या.

दुसऱ्या दिवशी कचरूनं शहागंजात मुश्ताकभाईचं रेडियमचं दुकान गाठलं.

"नंबर बोलो मामू," मुश्ताकभाई कात्री सरसावून म्हणाला.

"नंबर नाय. घोडी हाय."

"किसकी कंपनी की?"

"आरं चार पायाची! हिनहिन करणारी!"

मुश्ताकभाईनं कात्री खाली ठेवली, कचरूला खालून वर बघितलं आणि दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला डोळा मारला. "हौ तो पीछे क्या लिखना? 'आवाज दो'?"

"तेच तर लिहू नको बाबा!" कचरूनं हात जोडले.

चेष्टा झाली, पण माणसानं काम मन लावून केलं. रेडियम घोडीच्या केसांवर टिकेना, म्हणून शेपटीखालून जाणाऱ्या पट्ट्यावर लाल, छातीच्या पट्ट्यावर पांढरं आणि झुलीच्या कडेला पिवळं असं शिवूनच दिलं. उजेड पडला की शेवंती अशी चमकायची, जशी काय रस्त्यानं चालत निघालेली दिवाळी.

आणि इथंच कचरूच्या कपाळाला हात लागला. आधी गाड्यांना घोडी जवळ आल्यावर दिसायची, म्हणजे हॉर्न एकदाच वाजायचा. आता ती फर्लांगभरावरून दिसायला लागली, मग लोक फर्लांगभरावरूनच हॉर्न वाजवत यायला लागले. जितकी जास्त दिसणार, तितकी जास्त नाचणार. त्या आठवड्यात ती अजिंठा रोडवर इतकी नाचली, की वरातीत तेवढी कधी नाचली नव्हती. एकदा तर एक जीप इतकी घासून गेली, की झुलीचं टोकच घेऊन गेली. कचरू खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. घोडीवर ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडणार काय? तिला जे शिकवलं, तेच ती इमानानं करत होती.

"हिचा नाच मोडायचा," घरी येऊन त्यानं सांगितलं.

"आन मग लोक बोलावतील कशाला?" भामाबाईनं विचारलं.

"नाय बोलावलं तर नाय बोलावलं. जित्ती तर राहील."

"आवं, रोडवर नाचू नको, वरातीत नाच, असं शिकवा की!"

"तिला कसं कळंल कंचा बाजा वरातीचा अन कंचा ट्रकचा? बँडवाले आताशा जे वाजवत्यात, ते मला तरी कुठं कळतं?"

कामाला लावलं भाच्याला, संघपालला. त्याचा मालवाहू टेम्पो होता आणि हॉर्न असा बहुगुणी, की सहा चाली निघायच्या. रोज दिवस मावळायच्या आधी घरामागच्या मोकळ्या जागेत शेवंतीला उभं करायचं, संघपालनं हॉर्न दाबायचा, आणि चारही खूर जमिनीवर राहिले तरच गुळाचा खडा.

पहिले आठ दिवस गुळाचा खडा कचरूच्या खिशातच विरघळला.

"मामा, ती ऐकंना."

"वाजव."

"आता तर गोल फिराया लागली!"

"वाजव म्हणतो ना!"

शेजारची कडूबाई धुणं टाकून कुंपणाशी आली. "आरं कचऱ्या, घोडी शिकंल तवर आमी समदे बहिरं व्हतोय! परवा आमच्या म्हाताऱ्याला जेवाया हाक मारली, तर त्यो म्हणतो, हॉर्न दे!"

नवव्या दिवशी शेवंतीनं पुढचा डावा पाय उचलला, कचरूकडं बघितलं आणि तो परत खाली ठेवला. संघपालनं टाळी वाजवली. कचरूनं गूळ दिला, तिच्या मानेवर हात फिरवला आणि तोंड दुसरीकडं केलं.

महिन्याभरात ती खांबासारखी उभी राहायला लागली. मग एका संध्याकाळी कचरू तिला अजिंठा रोडवरून घेऊन गेला. ट्रक आले, ट्रॉल्या आल्या, नाना तऱ्हांनी कोकलून गेले. शेवंती रस्त्याच्या कडेनं खाली मान घालून चालत राहिली.

आता पाळी आली सांगायची. तात्यासाहेबांच्या नातवाचं, विश्वजीतचं लग्न ठरलं होतं, घोडी दिवाळीतच सांगून ठेवलेली. पिशोरकडचं बडं घराणं, लग्न मात्र शहरातल्या कार्यालयात. कचरू मुद्दाम त्यांच्याकडं जाऊन आला.

"तात्यासाहेब, एक सांगायचंय. शेवंती आता नाचत नाय."

"पाय मोडला का?"

"नाय. मीच सोडवलं. रोडवर जीव जायची येळ आलती."

तात्यासाहेब मिशीत हसले. "लेका, भाव वाढवायचा तर सरळ सांग. घोडी कुठं नाच विसरते?"

लग्नाच्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणंच झालं, म्हणजे उशिरा. नवरदेव चढला तेव्हा दिवस मावळलेला. बँडमास्तर रामकिसननं कर्णा आभाळाकडं करून हंगामातली सगळ्यात चटकदार चाल सोडली. पोरांनी गोल केला. ड्रोन भिरभिरत वर गेला. शेवंती उभी.

"नाचव की मामा!"

"ही घोडी हाय का सोफासेट?"

"आरं चार्जिंग उतरलं वाटतं!"

रामकिसन घोडीच्या कानाजवळ येऊन गाल फुगवून फुगवून दमला. शेवंतीनं एक कान हलवला, बस्स. तात्यासाहेब गर्दीतून वाट काढत आले. आता मिशीत हसू नव्हतं.

"कचरू, पिशोरवरून पाव्हणे नाच बघायला आलेत. चारचौघांत आमची इज्जत घालवतोस व्हय?"

"तुमाला आधीच सांगितलं व्हतं, तात्यासाहेब."

"एकदाच नाचव. एकदाच! मग हयातभर नको नाचवू."

कचरूला ठाऊक होतं, होईल. जिभेनं एकदा 'टक' करायचं आणि डावा लगाम दोन बोटं वर उचलायचा. तेवढ्यानं तिला सगळं आठवलं असतं. इथं आठवलं असतं आणि दीड तासानं, हर्सूलच्या पुढंही आठवलं असतं. जीभ टाळूला लागली होती. त्यानं ती तिथंच दाबून धरली.

मग लगाम मनगटाला गुंडाळला, चपला काढून कडेला ठेवल्या आणि कचरू स्वतः नाचायला लागला.

आधी उजवा पाय, मग डावा, मग जागेवर गिरकी. शेवंतीला शिकवताना एकेक पाय आधी त्यानंच टाकून दाखवला होता, त्यामुळं चूक व्हायचं काही कारण नव्हतं. पोरं आधी फिदीफिदी हसली, मग शिट्ट्या आल्या. "आरं मामाच खरी घोडी हाय!" कुणीतरी ओरडलं. रामकिसननं कर्णा आता कचरूच्या तोंडासमोर धरला. पिशोरच्या पाहुण्यांनी फोन वर केले. तात्यासाहेबांनी मान वळवली.

"काका, बास करा. दम लागलाय तुमाला," वरून विश्वजीत वाकून म्हणाला.

"नीट बसा नवरदेव. तुमाला काय हादरा बसतोय का?"

"नाय."

"मग झालं तर."

कार्यालयाची कमान अजून लांब होती. कचरू घामाघूम होऊन एकेक गिरकी घेत पुढं सरकत राहिला, आणि त्याच्या मागं शेवंती, बाजारातून भाजी घेऊन घराकडं निघालेल्या बाईसारखी, कुणाकडं न बघता चालत राहिली.