जहाजावरची तांदळाची दारू

माझी बायको ठमा गेली त्याला वर्ष पुरं व्हायला दोन दिवस उरले होते, तेव्हा ते जपानी जहाज रेवदंड्यासमोर नांगर टाकून उभं राहिलं. मुंबईला जाताना त्याचं यंत्र बिघडलं होतं. वर सगळे हौसेनं देश बघत फिरणारे लोक. त्यांना ताजी मासळी हवी म्हणून सांगावा आला. मी आणि माझा मेव्हणा शिवदास सुरमई आणि पापलेटं घेऊन होडीनं गेलो.

मला काळजी होती ती वर्षश्राद्धाच्या पानाची. आमच्या घरात गेलेल्या माणसाला त्याच्या आवडीचं सगळं पानावर वाढतात आणि शेजारी एक पेला ठेवतात. ठमा तांदळाची दारू घरी काढायची. तिच्या आईची रीत होती ती. विकायला नाही, लग्नाकार्याला आणि देवाला. आबकारीवाल्यांनी धाड घातली, मडकी फोडली आणि तिला पंधरा दिवस अलिबागच्या तुरुंगात ठेवलं. थंडीचे दिवस, अंगावर एक लुगडं. तिथून खोकला घेऊन आली. तो खोकला तिला घेऊनच गेला. त्यानंतर आमच्या आळीत कोणी मडकं चढवलं नाही.

शिवदास होडीत म्हणाला, "भावोजी, दुकानातली मोहाची ठेवू. सरकारी. कोन इचारतंय?"

"ती इचारल. मोहाच्या वासाला नाकाला पदर लावायची तुजी बहीन."

"मेल्यावर वास येतो का मानसाला?"

"तू मर आन् मंग सांग मला."

तो हसला. मला हसू आलं नाही.

वर मासळी घ्यायला एक म्हातारा जपानी आला. पूर्वी मुंबईत कापसाच्या वखारीत होता, मोडकं हिंदुस्थानी बोलायचा. पापलेटाचे कल्ले उघडून बघितले आणि इतका खूश झाला की आम्हाला हात धरून आत घेऊन गेला. दाराशी पायताणं काढायला लावली. आत खाली चटया, कागदाची सरकती दारं, बुटकं लाकडी मेज. मागे फळीवर बाटल्या. दारू विकायची जागा, पण देवघरासारखी झाडलेली. म्हाताऱ्यानं गरम पाण्यातून एक सुरई काढली आणि सुपारीएवढ्या पेल्यात मला ओतून दिली.

मी पेला नाकाशी नेला. तांदूळ. आंबवलेला, वाफेवरचा तांदूळ. वर्षभर माझ्या घरातून गेलेला वास.

"दारू न्हाय ही, भावोजी," शिवदास हळूच म्हणाला, "आपली ताई हाय."

आमच्यात पहिले थेंब गेलेल्यांचे. मी बोट बुडवलं आणि तीन थेंब खाली शिंपडले. घरी सारवलेली जमीन असते. इथे ती पांढरी चटई होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"अरे गावंढळा! चटई आहे ती!"

कोपऱ्यातून आवाज आला. बघतो तर आबकारीचे इन्स्पेक्टर दत्तात्रेयराव. जहाजाची तपासणी करायला आले होते. बूट काढून, मांडी घालून, दोन्ही हातांत पेला धरून बसले होते. ठमाची मडकी ज्यांनी काठीनं फोडली, तेच.

मी विचारलं, "साहेब, ही कशाची?"

"तांदळाची. पिढ्यान् पिढ्यांची कला आहे यांची. तुला काय कळणार?"

"आमच्या घरात व्हती तवा कला न्हवती?"

"तेव्हा गुन्हा होता. परवाना होता का तुझ्या बायकोकडे?"

"तिच्या आयशीकडं न्हवता, तिच्या आजीकडं न्हवता. ती मेली, साहेब. तुमच्या पंधरा दिसांनी मेली."

त्यांनी पेला मेजावर ठेवला. मग म्हणाले, "कायदा मी केलेला नाही."

"मडकी तुमीच फोडली."

म्हाताऱ्यानं मला विचारलं, चटईवर का शिंपडलं? मी सांगितलं, औरत मर गई, परसों एक साल. त्यानं आणखी एक पेला भरला आणि माझ्याशेजारच्या मोकळ्या जागेसमोर ठेवला. मग फळीवरून एक लहान बाटली काढून माझ्या हातात दिली.

दत्तात्रेयराव उठले. "इथं हवी तेवढी पी. किनाऱ्याला नेलीस तर अटक करीन."

"इथं न्हाय ना तिचं घर," मी म्हटलं. "घर रेवदंड्यात हाय."

बाटली मी लपवली नाही. हातात धरून शिडी उतरलो. शिवदास वल्हं मारत सारखा म्हणत होता, "भावोजी, फेका. ऐका माझं. आता ताई गेली, तुमी तरी ऱ्हावा."

"तुजी बहीन चोर व्हती का?"

"न्हाय."

"मंग फेकू कशाला?"

घरी आलो तर बहीण सखू मासळी वाळत घालत होती. मी म्हटलं, "भात टाक. आत्ताच पान वाढायचं."

"दादा, येड लागलं का? तिथी परवा हाय. सराद आदी करतात व्हय कोन?"

"पोलीस आदी येतात, त्याला काय करू?"

ती माझ्या हातातल्या बाटलीकडे बघत राहिली. मग चूल पेटवली. भात, बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी. पान अंगणात ठेवलं, शेजारी पेला भरून ठेवला आणि आम्ही बाजूला झालो. ऊन डोक्यावर होतं.

कावळा यायच्या आधी दत्तात्रेयराव आले. बरोबर शिपाई रावजी, शेजारच्या चौलचाच माणूस.

"तो पेला उचल," साहेबांनी हुकूम केला. "मुद्देमाल आहे."

रावजी दोन पावलं गेला आणि थांबला. "साहेब, सरादाचं पान हाय. कावला शिवला न्हाय अजून."

"मग?"

"तुमी उचला, साहेब. माजी आय जित्ती हाय, मला घरी जायाचंय."

आळीतल्या बाया दारांत येऊन उभ्या राहिल्या. साहेब पानापर्यंत गेले, वाकले आणि हात मागे घेतला. त्यांच्याही घरी पितर असणार. रुमालानं मान पुसत ते कुडाच्या सावलीत येऊन उभे राहिले. सरकार माझ्या बायकोच्या कावळ्याची वाट बघत होतं.

बराच वेळ कावळा आला नाही. सखू पुटपुटली, "वयनी, किती ताटकळत ठेवशील?" मी पानासमोर गेलो आणि मोठ्यानं म्हटलं, "ठमा, तुजीच रीत हाय, तुज्या आयशीची. चोरीची न्हाय. जपानचा मानूस मानानं पाजतो. घे."

माडावरून एक कावळा उतरला. भाताला चोच लावली, बोंबिल उचलला आणि गेला.

"आता न्या," मी दत्तात्रेयरावांना म्हटलं. "तिचं झालं. उष्टं सरकारला."

त्यांनी पेला स्वतः उचलला. उचलताना दोन थेंब त्यांच्या बुटावर पडले. रावजीनं बाटली काखेत घेतली. मी सखूला पान आवरायला सांगितलं, पटका बांधला आणि त्यांच्या पुढे अलिबागच्या वाटेला लागलो.