चष्म्याच्या मागच्या तारा

“किती जड आहे मॅडम ही! नाक दुखून राह्यलं माझं.”

ही तक्रार माझ्याबद्दल. मित्रांनो, मी एक जुनी ट्रायल फ्रेम आहे. नंबर काढताना डॉक्टर नाकावर ठेवतात आणि जिच्यात भिंगं बदलत राहतात, ती गोल, बेढब वस्तू. भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या या डोळ्यांच्या दवाखान्यात माझी बावीस वर्षं गेली. नवी होते तेव्हा डॉक्टर गीतांजली मला मखमली डबीत ठेवायच्या. आता ड्रॉवरमध्ये असते, स्टेपलरशेजारी. एक स्क्रूही ढिला झालाय. मी थकलेय, पण त्या स्क्रूमुळे नाही.

तक्रार करणारी आम्रपाली दहावीत आहे. तिचे केस, पापण्या जन्मापासून पांढऱ्या. बुबुळं सारखी हलत असतात. इतक्या जवळून मला ते स्पष्ट दिसतं. दर वर्षी तिचे बाबा, सुगत, तिला घेऊन येतात. “या टाइमले नंबर बराबर काढा, मॅडम.” भिंग बदललं की भिंतीवरच्या तक्त्यातली एखादी ओळ जास्त दिसते, पुढची नाहीच. बाबा म्हणतात, ध्यान देत नाही. आई म्हणते, गाजर खात नाही. चूक ना तिची, ना माझी. तरी ओशाळायचं आम्ही दोघींनीच.

यंदा सोबत अर्ज होता. परीक्षेत मोठ्या अक्षरांचा पेपर मिळावा म्हणून. उद्या शेवटची तारीख, आणि बाबा सही करेनात.

“सही केली का ठप्पा लागला पोरीले. चष्माच चांगला द्या ना!”

डॉक्टरांनी मला टेबलावर ठेवलं आणि कागदावर दोन डोळे काढले.

“दादा, तुम्ही स्टील प्लांटमध्ये केबल जोडता ना? हे बघा. प्रत्येक डोळ्यातून तारा मेंदूकडे जातात. साधारण निम्म्या आपल्याच बाजूला राहतात, निम्म्या पलीकडे जातात. हिच्या बहुतेक पलीकडेच गेल्या. अंगात रंग कमी असला की आईच्या पोटातच अशी जोडणी होते. मग दोन डोळ्यांचं चित्र नीट जुळत नाही. शिवाय बारीक दिसायची जी जागा डोळ्याच्या पडद्यावर असते, तीही पुरी घडलेली नाही.”

“खोलून परत जोडता येत नाही का?”

“नाही. चष्मा पुढे बसतो, दादा. हे सगळं मागे आहे.”

मित्रांनो, इतकी वर्षं मला एवढंच सांगायचं होतं. आम्हाला पुसा, आमचे स्क्रू आवळा. पण जे आमच्याने होत नाही, त्याचा राग लेकरांवर काढू नका.

बाबांनी चित्रातल्या पलीकडे गेलेल्या तारांवरून बोट फिरवलं. आम्रपाली नखं कुरतडत होती. डॉक्टरांनी पेन उचललं.

“अर्जात अडचण काय लिहू?”

बाबांनी अर्ज डॉक्टरांपुढे सरकवला.

“लिहा, मॅडम. माह्या पोरीले कमी दिसते. चष्मा लावूनही कमीच दिसन.”