पिशवीतला हात

मित्रांनो, मी जुनी आहे, कापडाची आहे आणि स्वभावाने संशयी आहे. पिशवीने संशयी का असू नये? जगातले निम्मे चोर आधी माझ्याच एखाद्या बहिणीत हात घालतात.

माझा जन्म एका शिक्केवाल्याच्या घरचा. रबरी शिक्के कोरणे हा त्यांचा धंदा. लेकीला इंग्रजी शब्द यावेत म्हणून त्यांनी लाकडाच्या तुकड्यांवर लहान लिपीतली उठावदार अक्षरे कोरली. शिक्क्यावर अक्षर उलटे कोरावे लागते, तेव्हा कुठे ते कागदावर सुलटे उमटते. हाताला तीच सवय. पहिलाच बी त्यांनी उलटा कोरला आणि तो डी होऊन बसला. या दोघांत फरक तो काय, एकाचे पोट उजवीकडे, दुसऱ्याचे डावीकडे. त्यांची बायको हसून हसून दमली. तिनेच त्या सोंगट्यांसाठी जुन्या कोटाच्या अस्तरातून मला शिवले.

खेळ सोपा होता. न बघता माझ्यातून सात सोंगट्या काढायच्या आणि त्यांतून जमतील तेवढे इंग्रजी शब्द जुळवायचे. ए, ई, टी एवढीच आली तरी ईट, एट आणि चहाचा टी निघतात. सगळ्यांत लांब शब्द ज्याचा, तो जिंकला.

लेक नऊ वर्षांची असताना माझा माणसांवरचा विश्वास उडाला. ती हात आत घालून अक्षरे बोटांनी चाचपायची. झेड लागला की सोडायची, ई लागला की उचलायची. चेहरा मात्र अगदी देवासारखा! बाबा तिची पाठ थोपटायचे आणि मी आतल्या आत चडफडायचे. तेव्हापासून कोणाचाही हात आत आला की मी सावध असते.

पुढे लेक लग्न होऊन गेली आणि मी कपाटाच्या वरच्या खणात पडले. सोंगट्यांवरची शाई उडाली. मला शिवणारी गेली. कोणी विचारपूस केली नाही, याचे मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? मग एका रविवारी लेक आपल्या मुलीला घेऊन आली आणि त्या चिमुरडीने मला खाली ओढले. तेव्हापासून दर रविवारी दुपारी टेबलाभोवती तिघे बसू लागले.

आणि आजोबांचा हात माझ्या मनातून उतरला.

हा हात आत यायचा तो निघायचे नावच घेत नसे. एकेक सोंगटी घ्यायची, तिच्यावरून अंगठा फिरवायचा, मग ती बाहेर न्यायची. मी ताबडतोब ओळखले. लेकीची ती जुनी लबाडी आता बापाने उचलली होती! वर बोटाला कधी एक पट्टी, कधी दोन. एकदा पट्टीचा लाल ओलावा एका ईला लागला. मी म्हटले, बघा, आता खुणाही करायला लागले. आणि ई सोडून दुसरे अक्षर नाही मिळाले!

लेकीच्याही डोक्यात तेच आले असावे. चाचपून अक्षर कसे उचलतात, हे तिला कोणी शिकवायला नको होते.

"आजोबा, पिशवीत झोपलात का?" एका रविवारी नातीने विचारले.

"बाबा, हात बाहेर काढा," लेक म्हणाली. "चाचपून घेताय ना?"

"हो," आजोबा म्हणाले.

"म्हणजे चिटिंग!" नात ओरडली.

"आणि या ईवर डाग कसला? पोरीसमोर तरी सरळ खेळा, बाबा. असं असेल तर आजपासून हा खेळ बंद."

आजोबांनी आपल्या सोंगट्या एकेक करून टेबलावर मांडल्या. "ब्रेड," ते म्हणाले. "पाच अक्षरी. लिहून घे."

नातीने वाकून पाहिले. डी, आर, ई, ए, बी. "आजोबा, हे ब्रेड नाही, ड्रेब आहे!"

ती खो-खो हसली. आजोबांनी पहिल्या सोंगटीवरून अंगठा फिरवला. "बीच आहे की हा. पोट इकडे..." आणि ते थांबले. चाळीस वर्षे त्यांच्या बोटांनी उलटीच अक्षरे वाचली होती. त्या बोटांना डी म्हणजे बी आणि बी म्हणजे डी.

लेक हसली नाही. तिने त्यांचा हात हातात घेतला आणि पट्टी सोडली. खाली शिक्के कोरायच्या पात्याचे वार होते, जुने आणि ताजे.

"बाबा, तुम्हाला दिसत नाही?"

"धूसर दिसतं. गेल्या वर्षापासून."

"आणि पातं चालवता? बोलला का नाहीत?"

"तुम्ही दुकानाला कुलूप लावलं असतं. मग मी दिवसभर करायचं काय?"

लेकीने ती कापलेली बोटे डोळ्यांना लावली आणि ती रडली. "मी तुम्हाला चोर ठरवलं, बाबा," ती म्हणाली. मित्रांनो, मीही ठरवले होते. तो हात सगळ्यांत जवळून मी पाहिला होता, पण मी मोजत बसले ती फक्त त्याची चोरी.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. शस्त्रक्रियेची तारीख पडली आहे, तोवर पाते लेकीच्या पर्समध्ये आणि आजोबांचे तोंड फुगलेले. खेळ मात्र चालू आहे. आता नातही डोळे मिटून अक्षरे चाचपते. डोळे खरेच मिटलेले असतात की नाही, याची मला शंका आहेच.

माझी शिवण उसवली आहे, ती कोणीतरी घाला. मला धुवा, उन्हात वाळवा. पण त्या ईवरचा डाग घासू नका. पुन्हा कोणाचा हात माझ्यात रेंगाळला, तर मला आधी तो आठवायला हवा.