जाळीपुढे आश्लेषा

जानेवारीतल्या त्या सरावात आश्लेषा देवस्थळीच्या डोक्याला पक लागला, तेव्हा ती आधी हसली. फटका तिच्याच टीममधल्या मुलीचा होता आणि मास्कवर, कपाळाच्या बाजूला बसला होता. पक म्हणजे आइस हॉकीत चेंडूऐवजी असते ती कडक रबराची चकती. मास्क असला तरी डोक्यात घण घातल्यासारखं होतं. मारणारी मुलगी घाबरून जवळ आली, तर आश्लेषानेच तिची पाठ थोपटली. पुन्हा गुडघे वाकवून ती जाळीपुढे उभी राहिली आणि सराव पूर्ण केला. संध्याकाळी मेसमध्ये जेवताना मात्र समोर बसलेल्या त्याच मुलीचं नाव तिला काही केल्या आठवेना.

हे २००७ साल. तोवर गोलकीपर म्हणून तिचं मोठं नाव झालं होतं. अरुण आणि विनीता देवस्थळींची ही एकुलती एक मुलगी, ओहायोतल्या डब्लिनमध्ये वाढलेली. ओळखीच्या घरांतल्या मुली भरतनाट्यम आणि गणिताच्या क्लासला जात, तेव्हा ही पहाटे अंधारात पॅड्सची भलीमोठी बॅग ओढत बाबांच्या गाडीत चढायची. शाळेत असताना मुलींची टीम जवळपास नव्हती म्हणून मुलांच्या टीममधून खेळली. बाबा रिंकवर कुडकुडत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचे. आईला तो खेळ कधी आवडलाच नाही. "सगळ्यांनी मिळून तुझ्यावर दगड मारायचे, आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या," असं ती म्हणायची. मंडळाच्या गणपतीत काकवा आडून आडून विचारायच्या, अजून खेळते का हो ती.

मग उत्तर न्यूयॉर्कमधल्या एका कॉलेजने तिला स्कॉलरशिप देऊन नेलं, आणि दुसऱ्याच वर्षी, २००६ मध्ये, त्या कॉलेजने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. फायनलमध्ये आश्लेषाने एकही गोल होऊ दिला नाही. त्या वर्षी गणपतीत त्याच काकवांनी तिला मध्ये उभं करून फोटो काढले. पाठोपाठ राष्ट्रीय संघाच्या निवड शिबिराचं बोलावणं आलं. शिबिर पुढच्या उन्हाळ्यात होतं. ऑलिंपिकचा रस्ता तिथूनच जात होता.

आणि नेमकं आता हे डोकं.

पहिल्या आठवड्यात नुसतं दुखायचं. मग उजेड सहन होईना. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली पुस्तकातल्या ओळी मुंग्यांसारख्या चालू लागायच्या. खोलीत ती पडदे लावून, डोळ्यांवर ओला टॉवेल घेऊन पडून राहायची. रूममेटला सांगायची, मायग्रेन आहे. टीमचा ट्रेनर अधूनमधून सगळ्यांना तपासायचा. महिने उलटे म्हणून दाखव, हे पाच शब्द लक्षात ठेव, असं काहीबाही विचारायचा. शब्द दर वेळी तेच असतात हे आश्लेषाच्या ध्यानात आलं होतं. ते तिने पाठ केले आणि बाथरूममध्ये आरशासमोर डिसेंबरपासून मागे येत महिने घोकले. ट्रेनरने पाठीवर थाप मारली. ती बाहेर आली आणि जिन्याखाली तिला उलटी झाली.

खरं सांगितलं असतं तर तिला घरी पाठवलं असतं. सीझन गेला असता, शिबिर गेलं असतं. जाळीपुढे उभं राहायला दुसरी गोलकीपर टेस तयारच होती. टेस चांगली मुलगी होती, आणि तिच्या चांगुलपणाचीच आश्लेषाला सगळ्यात जास्त धास्ती वाटायची. एकदा जागा सोडली की ती परत मिळत नाही, हे तिने दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. तिने स्वतःही एकीची जागा अशीच घेतली होती.

मार्चमध्ये, उपांत्य सामन्याच्या आधी, विनीता एकटीच आली. बाबांना डेडलाइन होती. तिने मेतकूट, लसणीची चटणी, भाजणी असं सगळं आणलं होतं. कॉलेजजवळच्या मोटेलच्या खोलीत तिने चहा केला, आणि आश्लेषा स्वतःच्या कपात दूध ओतायला गेली. दूध कपाच्या शेजारी, टेबलावर पडत राहिलं. ते ओघळून मांडीवर आलं तेव्हा तिला कळलं.

विनीताने टेबल पुसलं. मग मुलीची हनुवटी धरून तिचा चेहरा खिडकीकडे वळवला. आश्लेषाने डोळे गच्च मिटून घेतले.

"किती दिवस झाले?" विनीताने विचारलं.

मग आश्लेषाने सगळं सांगितलं. सांगताना ती रडली नाही. घाईघाईने, मराठी आणि इंग्लिश मिसळत बोलत राहिली. शेवटी तिने आईचे दोन्ही हात धरले.

"आई, फक्त दोन मॅच. मग मी डॉक्टरकडे जाईन, आय प्रॉमिस. तू आत्ता सांगितलंस तर माझ्याकडे काहीच राहणार नाही."

या खेळाला विनीताने इतकी वर्षं नावं ठेवली होती. आज तिने नाही म्हटलं असतं तर मुलीला वाटलं असतं, आई याच संधीची वाट पाहत होती. हा विचार तिच्या तोंडावर आश्लेषाला स्पष्ट दिसला, आणि तिने तो वापरून घेतला. "तुला तर हेच हवं होतं ना," ती म्हणाली.

विनीताने हात सोडवून घेतले. "दोन मॅच," ती म्हणाली, आणि चटणीची बाटली उगाचच पुन्हा घट्ट लावत बसली.

उपांत्य सामना त्यांनी जिंकला. कसा, ते आश्लेषाला पुढे कधीच आठवलं नाही.

फायनलला स्टेडियम भरलं होतं. दिवे पांढरे, बर्फ पांढरा. मास्कच्या आत तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पहिल्या पिरियडमध्ये तिला पक दोन दिसायला लागले, एक खरा आणि एक त्याच्या किंचित वर. खालचा खरा, असं तिने ठरवलं आणि त्याच्यावर झेपावत राहिली. लोक ओरडत होते, ती अडवत होती. दुसऱ्या पिरियडमध्ये ती खालच्यावर झेपावली आणि पक तिच्या खांद्यावरून जाळीत गेला. एक-एक अशी बरोबरी झाली.

खेळ थांबला तेव्हा तिने बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं आणि समोर पाहिलं. पलीकडे दुसरी जाळी होती, तिच्यापुढेही एक गोलकीपर उभी होती. आपली जाळी कुठली, ते तिला कळेना. ती वळली. पाठीमागे जाळी होती, हात लावला तर दांडा गार लागला. म्हणजे हीच. पण आपण कुणाकडून खेळतोय? तिने स्वतःच्या जर्सीचा रंग पाहिला आणि त्या रंगावरूनही तिला काही उलगडेना.

अशी भीती तिला कधीच वाटली नव्हती. अंगावर येणाऱ्या पकची तिला भीती नव्हती. ही भीती आतून येत होती. शिट्टी वाजायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. एका बाकावरून सगळे जण तिला हाका मारत होते, आणि ती हळूहळू, दांड्याला धरलेला हात सोडून, त्या बाकाकडे निघाली.

कोच एक उंच, फारशी न बोलणारी बाई होती. "काय झालं?" तिने विचारलं.

"मला दोन पक दिसतायत," आश्लेषा म्हणाली.

"केव्हापासून?"

"पक आजपासून. डोकं जानेवारीपासून."

कोचचा चेहरा राखेसारखा झाला. तिने टेसला खूण केली. टेस हेल्मेट चढवत बाजूने गेली, आणि जाताना तिने आश्लेषाचा हात दाबला.

आश्लेषाला आतल्या खोलीत दिवे मालवून झोपवलं. तोंडावर टॉवेल होता. कधीतरी वरून प्रचंड आरडाओरडा ऐकू आला, छत हादरलं. तो कुणाचा जल्लोष, ते तिला कळेना. शेजारी येऊन बसलेल्या विनीतालाही माहीत नव्हतं, आणि उठून विचारायला जायची तिची हिंमत होईना.

जिंकले होते. टेसने शेवटपर्यंत गोल होऊ दिला नव्हता. आश्लेषा सलग दोनदा विजेती ठरली, पदकही मिळालं. उन्हाळ्यात शिबिराला टेस गेली.

डॉक्टरांनी सांगितलं, त्या फटक्यानंतर लगेच थांबली असती तर बहुतेक महिन्याभरात बरी झाली असती. आता सांगता येत नाही. खेळणं कायमचं बंद. बाबांनी हे ऐकलं, विनीताकडे एकदा पाहिलं, आणि मग कित्येक दिवस त्या घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

२००८ चा हिवाळा आला तरी आश्लेषा डब्लिनच्या घरातच होती. मागच्या खोलीला जाड पडदे लावले होते. वाचायला घेतलं की अर्ध्या पानात डोकं फुटायला लागायचं. कॉलेजने परीक्षा तोंडी घ्यायचं मान्य केलं होतं, म्हणून विनीता ऑफिसातून येऊन, दाराशी बाहेरच्या उजेडात बसून, शरीरशास्त्राचं पुस्तक तिला मोठ्याने वाचून दाखवायची. अवघड लॅटिन नावांवर ती अडखळायची आणि तिथल्या तिथे पुन्हा म्हणून बघायची.

एक दिवस मेंदूवरचं प्रकरण आलं. विनीताने दोन परिच्छेद वाचले आणि ती थांबली. तिने पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं.

"मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं," ती म्हणाली.

तू चुकली नाहीस असं म्हणणं खोटं झालं असतं. आणि आपण त्या दिवशी मोटेलमध्ये कुठलं वाक्य कसं वापरलं, हे आश्लेषा एक दिवसही विसरली नव्हती.

"मी ऐकलं नसतं, आई," ती म्हणाली. "शेवटचा परिच्छेद परत वाच. माझं लक्ष नव्हतं."

विनीताने चष्मा पुसला, पान शोधलं आणि वाचू लागली.