नोंद दुसऱ्याच्या ताब्यात आहे

कारखान्यात त्याला सगळे कुलूपवाला म्हणत. कुलपं दाराची नव्हती, कंपनीच्या सॉफ्टवेअरमधली होती. एकाने नोंद उघडून ठेवली की दुसऱ्याला तिला हात लावता येत नसे. 'नोंद दुसऱ्याच्या ताब्यात आहे' एवढं पडद्यावर यायचं आणि माणूस तोंड वासून बसायचा. मग कुलूपवाल्याला फोन. दहातली नऊ कुलपं चहाला गेलेल्यांची असत, आणि तो त्यांच्या नावाने बोटं मोडत ती सोडवायचा.

या वेळी नोंद होती तीन नंबरच्या क्रेनची, आणि ती ज्याच्या ताब्यात होती तो माणूस जाऊन पाच दिवस झाले होते. क्रेनचा तपासनीस. कुलूपवाल्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दोर तुटून लोखंडी तुळई खाली आली, तेव्हा दाजी नेमके तिच्याखाली उभे होते.

"दोर खराब होता तर लिहायला नको?" असं आता मॅनेजरपासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे म्हणत होते. गेलेल्या माणसाच्या माथी खापर फोडणं सोपं असतं, तो काही उलट बोलायला येत नाही. ताईचा मात्र एकच धोशा होता.

"सकाळी दहाला फोन केला होता रे त्यांनी मला. दोराच्या तारा सुटल्यात म्हणाले, लिहून टाकलंय म्हणाले. तेवढं शोधून दे. त्यांना कुणी बेफिकीर म्हणू नये, मला दुसरं काही नको."

लिहिलं असणार, याबद्दल त्याला तीळमात्र शंका नव्हती. पण जतन केलं असेल का, याची त्याला खात्री नव्हती. नोंद जतन केली की ती मंजुरीसाठी मॅनेजरकडे जायची, आणि मॅनेजर दर वेळी खेकसायचा, दिवसभर काय कटकट लावलीय. त्यावर शक्कल कुलूपवाल्यानेच काढली होती. "दाजी, नोंद सकाळी उघडा, दिवसभर भरत राहा, पाळी संपताना एकदाच जतन करा." दाजींना ती इतकी पसंत पडली की मेहुण्याच्या डोक्याचं कौतुक करत त्यांनी ती अख्ख्या खात्याला शिकवली. लिहिलं म्हणजे झालं, अशी सवयच लागली सगळ्यांना.

त्या दिवशी क्रेन चालवणाऱ्याने नियमाप्रमाणे नोंद पाहिली. त्याला दिसली ती आदल्या दिवशी जतन झालेली, 'दोर ठीक' अशी. आणि आपण लिहिलंय म्हणजे क्रेन आता बंदच आहे असं समजून दाजी दोर पुन्हा बघायला खाली गेले. हे सगळं जुळवायला कुलूपवाल्याला चौकशी समितीची गरज नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारी मॅनेजर त्याच्या टेबलाशी आला. "नवा दोर चढलाय, पण नवी तपासणी भरता येत नाही. ते कुलूप सोडव."

"साहेब, आधी दाजींच्या केबिनमधला पडदा बघू द्या. असलं तर तिथेच असेल. एकदा सोडवलं की कायमचं गेलं."

मॅनेजर तसा वाईट माणूस नव्हता. त्याने किल्ली दिली. "दहा मिनिटं."

केबिनमध्ये खुर्ची दाराकडे वळलेली होती. कळफलकावरची अर्धी अक्षरं ग्रीसच्या बोटांनी पुसून गेली होती. त्याने माउस हलवला, पडदा उजळला. 'बराच वेळ वापर न झाल्याने आपण बाहेर पडला आहात. पुन्हा प्रवेश करा.' बस, एवढंच. दाजींचा एक शब्दही उरला नव्हता. कुलूप तेवढं शाबूत होतं, रिकाम्या खोलीला लावलेलं. दहा मिनिटं संपेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

टेबलावर परत येऊन त्याने कुलूप सोडवलं. कुलूप का पडलं, असं सॉफ्टवेअरने विचारलं. पर्याय तीनच होते: वीज गेली, नेटवर्क तुटलं, वापरकर्त्याची चूक. खाली शेऱ्यासाठी जागा होती. तिथे त्याने लिहिलं, 'जतन न करता नोंद उघडी ठेवण्याची पद्धत मी शिकवली.'

मॅनेजर मागे उभा राहून वाचत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "हे राहिलं तर उद्या तू घरी बसशील. आणि मग मंजुरीला कंटाळून शिकवलीस, हेही निघेल. ते काही परत येणार नाहीत. खोड ते."

कुलूपवाल्याला दोन मुलं होती. त्याने शेरा खोडला आणि 'वापरकर्त्याची चूक' निवडलं. पुढे दाजींचं नाव आपोआप आलं. मॅनेजर त्याच्या खांद्यावर थोपटून निघून गेला.

ताईचा फोन तेवढ्यात आलाच. "सापडलं का रे?"

"नाही गं. आत काहीच नव्हतं."

तिने अगदी बारीक आवाजात विचारलं, "म्हणजे ते माझ्याशी खोटं बोलले?"