आजीसाठी रविवारचा शब्द

रुओलानची आजी गेली हे अख्ख्या गावाला कळलं होतं. कळलं नव्हतं ते एकट्या रुओलानला.

आमच्याकडची रीतच आहे ती. विद्यापीठाच्या प्रवेशाची जूनमधली मोठी परीक्षा तोंडावर आली, की घरावर आभाळ कोसळलं तरी परीक्षेला बसणाऱ्या लेकराच्या कानावर घालायचं नाही. पेपर होऊन जाऊ देत, मग काय रडायचं ते रडू दे. रुओलानची आत्या शनिवारी तालुक्याच्या शाळेत आली ती त्याचसाठी. थान बाई रुओलानच्या वर्गशिक्षिका, इंग्रजी शिकवायच्या. आत्यानं त्यांचे दोन्ही हात धरले.

"बाई, आई काल गेली. झोपेतच. पण पोरीला, आमच्या लान-लानला, काही बोलू नका. तिचे आई-बाप तिकडे लांब शहरात बुटांच्या कारखान्यात मर मर मरतात ते या परीक्षेसाठीच. आई असती तरी हेच म्हणाली असती."

"आणि उद्याचा फोन?" बाईंनी विचारलं.

वसतिगृहातल्या मुलांना मोबाइल ठेवायला बंदी. रविवारी दुपारी बाईंच्या खोलीतून घरी बोलायचं. रुओलान दर रविवारी आजीला एक इंग्रजी शब्द शिकवायची. अर्थ काय, वापरायचा कसा, आला कुठून, सगळं साग्रसंगीत. आजीनं जन्मभर तळ्याच्या चिखलातून कमळकाकड्या उपसल्या, स्वतःचं नावसुद्धा तिला धड लिहिता येत नव्हतं; पण म्हातारीला या शब्दांचं भारी वेड. 'ब्रेकफास्ट' म्हणजे मुळात उपास मोडणं, हे ऐकून ती खो खो हसली होती. "अगं बाई! गोरे रोज उपाशीच झोपतात की काय? पाठव त्यांना इकडे, कमळकाकडीचं सूप पाजते पोटभर." तेव्हापासून सकाळी येणाऱ्याजाणाऱ्याला 'जेवलास का' विचारायचं सोडून ती 'ब्रेकफास्ट?' म्हणून ओरडायची.

"घसा बसलाय म्हणून सांगू," आत्या म्हणाली. "मी फोन धरते. बोलू दे तिला एकटीलाच."

बाईंनी मान डोलावली. दुसरं काय करणार? पण तान्हेपणापासून जिनं वाढवलं ती मातीआड जाणार, आणि पोरीनं तिला निरोपही द्यायचा नाही? सांगता येत नव्हतं हे खरं. पण आठवड्याचा शब्द तर बाईच निवडायच्या.

रविवारी सकाळच्या जादा तासाला त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'फेअरवेल'.

"म्हणजे निरोप. पण कोपऱ्यावरच्या दुकानात निघालेल्याला कुणी असं म्हणत नाही हं. लांबच्या वाटेला लागलेल्याला म्हणतात, पुन्हा भेट होईल न होईल असं असतं तेव्हा. 'फेअर' म्हणजे जुन्या इंग्रजीत वाट चालणं. 'वेल' म्हणजे नीट. नीट जा."

पोरं टिपून घेत होती. आमच्याकडे गेलेल्या माणसालाही हेच म्हणतात, नीट जा. ते त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुपारी रुओलाननं फोन लावला. "आजी! घसा बसला म्हणे? चोरून बर्फाच्या कांड्या खाल्ल्यास ना?"

पलीकडे आत्यानं मयताला बोलावलेल्या वाजंत्रीवाल्यांना गप्प बसवलं होतं. पण तेवढ्यात कुणी पाहुणे अंत्यदर्शनाला दारात आले आणि रिवाजाप्रमाणे फटाक्यांची माळ लागली.

"आत्या, लग्न कुणाचं गं?"

"लग्न कुठलं? शेजारचे नव्या घरात जातायत. तू बोल, आई ऐकतेय."

"बरं आजी, तू नुसतं ऐक. आजचा शब्द, फेअर-वेल." मग तिनं अर्थ सांगितला, वाट चालण्याचं सांगितलं, आणि हसायला लागली. "पण तुला काय उपयोग? तू कधी जातेस तळं सोडून! मी विद्यापीठात निघाले की दारात उभी राहून तू म्हण. आत्ता मी म्हणून दाखवते. फेअरवेल, आजी! नीट जा हं!"

थान बाई तपासलेलाच पेपर पुन्हा तपासत होत्या. म्हणाली पोर, त्यांना वाटलं. पोचला निरोप. केवढं हायसं वाटलं त्यांना!

परीक्षेच्या दिवशी शकुन म्हणून सगळे शिक्षक लाल कपड्यांत आले. फाटकाशी आत्याही उभी होती, सुतकातली पांढरी पट्टी काढून, लालभडक झगा घालून, तोंडभर हसत. देवा रे, काय काय करतो आम्ही एका परीक्षेसाठी!

शेवटचा पेपर सुटला तेव्हा फाटकाशी बाप उभा होता. दंडावर सुतकाची काळी फीत. रुओलाननं आधी त्याला पाहिलं, मग फीत पाहिली.

नंतरच्या आठवड्यात ती वसतिगृहातली वळकटी न्यायला आली. बाईंच्या दारात थांबली.

"बाई, त्या रविवारी आजी कुठं होती?"

"शवपेटीत," बाई हळूच म्हणाल्या. "आत्यानं फोन तिच्या कानाशी धरला होता."

"आणि तो शब्द? मुद्दाम दिलात?"

"हो. वाटलं, तुझा निरोप तरी तिला पोचावा."

"मी हसत होते, बाई," रुओलान म्हणाली. "तळं सोडून कुठं जातेस, म्हणाले मी तिला. तुम्हाला माहीत होतं. आत्याला माहीत होतं. वाजंत्रीवाल्यांना माहीत होतं. मला एकटीला माहीत नव्हतं."

तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच बाईंना सोसेना. रुओलाननं वळकटी खांद्यावर घेतली, रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला आणि जिन्याकडे वळली. निघालेल्या प्रत्येक पोराला बाई एवढी वर्षं दोन शब्द सांगत आल्या होत्या. आताही त्यांनी तोंड उघडलं. पण 'नीट जा' काही त्यांना म्हणता येईना.