वेइक्कोकाकांनी गवत कापलं

थांबा थांबा मित्रांनो, आधी नुसतं ऐका. मध्ये कुणी बोलायचं नाही, कारण मी आहे भराभर सांगणारी, आणि एकदा इंजिन बंद पडलं की पुन्हा सुरू करायला फार वेळ लागतो.

मी एक जुनं विमान आहे. पण तुमच्या डोळ्यांसमोर आलं ना, तसलं नाही. मला चाकंच नाहीत! चाकांच्या जागी उन्हाळाभर माझ्या पोटाखाली दोन लांबलचक पत्र्याच्या होड्या आहेत. त्यांच्यावर मी तळ्यातून उडते आणि तळ्यातच उतरते. माझं नाव कुइक्का. आमच्या कोइवुलाच्या तळ्यावर या नावाचा पक्षी असतो, लाल डोळ्यांचा. पाण्यात तो राजा, पण जमिनीवर त्याला दोन पावलं धड टाकता येत नाहीत, पोटावर सरपटतो बिचारा. मला उडवणाऱ्या रेइनोमामाने माझं नाव विचार करूनच ठेवलं होतं, ते कसं ते पुढे कळेल.

मी जन्मले दूरच्या शहरातल्या कारखान्यात. दोन बायकांनी माझे पंख जोडले. एक बाहेरून पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायची, दुसरी आत शिरून लोखंडाचा ठोकळा धरून बसायची. आतली सारखी गुणगुणायची, म्हणून माझ्या डाव्या पंखातले रिव्हेट जरा ठेक्यात बसलेत. उजव्या पंखाच्या वेळी तिला सर्दी झाली होती.

मग रेइनोमामाने मला इथे उत्तरेला आणलं. एकतीस उन्हाळे त्याने मला उडवलं, मित्रांनो! मी टपाल नेलं, मासे नेले, जंगली तांदळाची पोती नेली. एकदा होडीला होडी बांधून नेली, म्हणजे माझ्या होडीला एका कोळ्याची होडी. एकदा एका बाईला प्रसूतीसाठी नेत होतो, तर बाळाने अर्ध्या वाटेतच ठरवलं की आता पुरे झालं. रेइनोमामा मागे न बघता म्हणाला, बाळाचं वजन किती ते सांगा, मला भार जुळवावा लागतो. त्या बाळाला आता दाढी आहे.

तेव्हा लोक माझं फार कौतुक करायचे. मग गावाला रस्ता आला आणि माझ्याकडे कुणी फिरकेना. दोन उन्हाळे मी धक्क्याला नुसती बांधलेली होते. माझ्या पंखावर पाणपक्षी बसायचे, आणि बसून काय करायचे ते सांगत नाही.

मग इर्या आली. रेइनोमामाची भाची, चोवीस वर्षांची, चालताना सगळ्या दारांना धडकणारी. पण माझ्यात बसली की काय तिचे हात शांत होतात! ती रोज सकाळी माझ्या होड्यांमधलं पाणी हातपंपाने काढायची. होड्या आतून कप्प्याकप्प्यांच्या असतात, प्रत्येकात थोडं थोडं झिरपतं. बाराच्या बारा कप्पे, एकही दिवस न चुकता. रेइनोमामा धक्क्यावर उभा राहून पंपाचे फुसकारे मोजायचा. त्याला दिसत नव्हतं ना. म्हणजे कडेचं दिसायचं, पण मधलं सगळं पुसट. वसंतात डॉक्टरने सांगितलं होतं, आता उडायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे हिवाळ्यात तळं गोठतं. बर्फ धरला की तो माझ्या होड्या अक्रोडासारख्या फोडेल. म्हणून दरवर्षी मोसमाच्या शेवटच्या दिवशी मला तळ्यातून उडवून गावामागच्या माळावर उतरवतात. गवतावर, बरं का, होड्यांसकट! तिथल्या शेडमध्ये मग होड्या काढतात आणि बर्फावर घसरायच्या स्की लावतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण गवत उंच असलं आणि दवाने भिजलेलं असलं, तर होड्या त्याच्यावरून लोण्यासारख्या घसरतात. कोरड्या जमिनीवर मात्र पाय धरल्यासारख्या अडकतात. मग नाक खाली, शेपटी वर, आणि पंख्याची जिलबी.

रेइनोमामाच्या घरात एक रीत आहे. जो हात कुइक्काला गवतावर उतरवतो, पुढच्या उन्हाळ्याची किल्ली त्याच हाताची. या वर्षी इर्याची पहिली वेळ होती. जमलं, तर मी तिची. नाही जमलं आणि माझं नाक वाकलं, तर दुरुस्ती घरच्यांच्या आवाक्यातली नव्हती. दक्षिणेकडचा एक माणूस मला सुटी करून न्यायला तयार होता. पंख एकाला, इंजिन दुसऱ्याला. इर्याला हे ठाऊक होतं. मलाही होतं, पण मला कोण विचारतंय!

तो रविवार होता. काठाशी काचेसारखा पातळ बर्फ धरलेला, इर्याने तो वल्ह्याने फोडला, बारा कप्पे उपसले आणि आम्ही उडालो. झाडांवर ऊन यायचं होतं. माळावर पंधरा-वीस माणसं जमली होती, शेडपाशी टेबल मांडलेलं, कॉफीची मोठी किटली, वेलदोड्याचा गोड पाव. रेइनोमामा हातात छोटा रेडिओ घेऊन टेबलाशी उभा.

आम्ही एक चक्कर मारली आणि इर्या एकदम ताठरली. मला कळतं ते, तिचा गुडघा माझ्या सुकाणूच्या दांड्याला लागून असतो.

ती रेडिओवर म्हणाली, "मामा, गवत कापलंय."

"कुठलं गवत?"

"उतरायच्या पट्ट्यावरचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. वरून रेघा दिसतायत, गालिच्यासारख्या."

झालं होतं काय, इतकी वर्षं माळ रेइनोमामाच सांभाळायचा, आणि ऑगस्टनंतर गवताला हात लावायचा नाही हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. या वर्षी डोळ्यांमुळे ते काम शेजारच्या वेइक्कोकाकांकडे गेलं. वेइक्कोकाका म्हणजे सोन्यासारखा माणूस. आमच्या गावात शनिवारी घरदार, अंगण घासूनपुसून लख्ख करतात, मग सौनात जाऊन वाफ घेतात, तेव्हा कुठे रविवार लागतो. रविवारी सगळं गाव माळावर येणार, इर्याचा मोठा दिवस, म्हणून त्यांनी शनिवारी माळसुद्धा लख्ख केला. प्रेमाने केला हो. दोनदा यंत्र फिरवलं आणि कापलेलं गवत दंताळ्याने ओढून ढीग लावले.

रेइनोमामा पट्ट्याकडे गेला, वाकला आणि जमिनीवर हात फिरवून म्हणाला, "दव धरायला गवतच नाही, कोरडं खडखडीत आहे. इतका वेळ कॉफी पीत उभा आहे आणि मला पत्ता नाही."

आगीचा बंब आणून भिजवावं, तर पाइप गोठून फुटू नयेत म्हणून बंबाची टाकी आठवड्यापूर्वीच रिकामी केलेली. परत तळ्यावर जावं, तर धक्का ओढून काठावर टाकलेला, आणि येती रात्र तर आदल्या रात्रीपेक्षाही थंड असणार होती.

इर्याने विचारलं, "मामा, काय करू?"

"मी खाली आहे, तू वर आहेस. वरच्याने ठरवायचं असतं."

मित्रांनो, मला वाटलं रागवावं त्याच्यावर. पण त्याचं बरोबर होतं.

इर्याने अजून एक चक्कर मारली, सावकाश. पट्ट्याच्या डाव्या अंगाला, ओढ्यालगत, एक कड उभी होती. तिथे यंत्र जात नाही. पंधरा पावलं रुंद, कमरेएवढं गवत, दवाने पांढरं झालेलं.

"ओढ्याकडच्या कडेला कधी कुणी उतरलंय?"

"कुणी नाही. पट्ट्यातले दगड मी तिथे टाकायचो."

"किती टाकलेत?"

"एकतीस वर्षांचे." मग जरा थांबून तो म्हणाला, "टाकले ओढ्यापाशीच. पण मधे घरंगळून आलेत का, ते बघायला पाहिजे."

"तुम्हाला दिसणार नाहीत, मामा."

"पायांना दिसतील."

त्याने शेडमधून स्कीच्या दोन काठ्या घेतल्या. लोक मदतीला धावणार, तेवढ्यात त्याने सगळ्यांना जागच्या जागी उभं राहायला सांगितलं. वीस माणसं त्या गवतातून गेली असती, तर दव झटकून सगळं कोरडं झालं असतं. तो एकटा गेला. दोन्ही हात पसरून अगदी मधोमध चालत, डावी काठी डावीकडे ठोकत, उजवी उजवीकडे, बरोबर जिथून माझ्या दोन होड्या जाणार तिथे. माझ्या होड्यांमधलं अंतर त्याच्या हातांना पाठ आहे ना! मधलं दव त्याच्या पायांनी सांडलं, पण माझ्या वाटेचं तसंच राहिलं.

आम्ही वर घिरट्या घालत होतो. झाडांच्या शेंड्यांवर ऊन आलं. ऊन खाली उतरलं की दव संपलं, हे तिलाही ठाऊक, मलाही.

एक दगड त्याने उचलून ओढ्यात भिरकावला. मग दुसरा. मग एका ठिकाणी तो थांबला, काठीने खणून बघितलं, लाथ मारून बघितली.

"हा रोवलेला आहे, हलत नाही. सुरुवातीपासून एकशेवीस पावलं. याच्या आत थांबायचं."

मला लागतात शंभर. वारा धड असला तर.

"काठी रोवा आणि बाजूला व्हा मामा."

"काठी बारीक, वरून दिसायची नाही. मी जाडा आहे." आणि तो लाल टोपी घालून त्या दगडावर उभा राहिला, आमच्याकडे तोंड करून.

ती पुन्हा म्हणाली, बाजूला व्हा. त्याने रेडिओ खिशात टाकला.

मग तिने मला वळवलं, खाली आणलं. कुंपण गेलं, ढीग गेले, आणि समोर पांढरं गवत आणि त्याच्या टोकाला एक लाल ठिपका. तिने त्या ठिपक्यावर माझं नाक धरलं. घाई नाही, थरथर नाही. गवताचे शेंडे माझ्या होड्यांना लागले तेव्हा असा आवाज झाला, जसा परटाने ओला पडदा झटकावा. मग आम्ही टेकलो. मला जमिनीने खाली ओढलं, माझं नाक झुकायला लागलं, आणि इर्याने दांडा पोटाशी ओढून धरला, दोन्ही हातांनी, अगदी पूर्ण. दवाचे फवारे दोन्ही बाजूंनी उडाले, पाण्यावर उडतात तस्से! क्षणभर मला वाटलं मी तळ्यातच आहे.

आणि मी थांबले.

पंखा थांबला. ओढ्याचा आवाज ऐकू यायला लागला. लाल टोपी माझ्यापासून चौदा पावलांवर होती. मी मोजली नाहीत, त्याने मोजली, माझ्याकडे चालत येताना. त्याने माझ्या नाकावर हात ठेवला, मग वाकून होड्या चाचपल्या आणि म्हणाला, "हलकी आली. बारावा कप्पापण उपसला होतास वाटतं."

बस, एवढंच कौतुक. इर्याने किल्ली काढून त्याच्यापुढे धरली. रीत असते तशी. त्याने तिची मूठ मिटवून तिच्याच खिशात घातली.

गोष्ट इथे संपली असं वाटतंय ना? ऐका अजून.

वेइक्कोकाका कॉफीचा कप घेऊन गवतातून आले. चेहरा पडलेला. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मग सगळे एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले. आपलं काय चुकलं ते काकांना कळलंच नव्हतं हो! रेडिओ रेइनोमामाकडे, आणि काकांना ऐकू येतं कमी.

"चार तास घातले मी शनिवारी," ते म्हणाले. "सौनाला उशीर झाला. आणि पोरी, तू या रानात उतरलीस?"

रेइनोमामाने तोंड उघडलं. इर्याने त्याच्या पायावर पाय दिला.

"काका, ते इतकं सुरेख दिसत होतं वरून," ती म्हणाली, "त्याच्यावर ओरखडा काढवेना."

वेइक्कोकाकांचे कान लाल झाले. त्यांनी तिला पावाचं टोक दिलं, सगळ्यात जास्त साखर असलेलं. ते एरवी कुणाला देत नाहीत.

दुपारी ट्रॅक्टरने मला शेडमध्ये आणलं. रेइनोमामा हळूच म्हणाला, "पुढच्या वर्षी वेइक्को याहून बारीक कापेल."

"सांगते ना. शनिवारी सांगते," इर्या म्हणाली.

मित्रांनो, त्याला आता सोळा शनिवार झाले. माझ्या पायांत स्की आहेत, बाहेर माझ्या पंखाच्या उंचीएवढा बर्फ आहे, आणि वेइक्कोकाका रोज शेडमध्ये येतात. माझ्या नाकावर गोधडी नीट करतात, पंखावरची धूळ पुसतात. इतकं प्रेम मला दोन उन्हाळे पक्ष्यांखाली उभी होते तेव्हा कुणी दिलं असतं तर! म्हणून म्हणते, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंची निगा राखा, पण राखण्याआधी एकदा विचारा की हिला काय लागतं. कुणाला पुसून घ्यायला आवडतं, कुणाला ओलं राहू द्यावं लागतं.

काल काका माझ्या शेजारी बसून यंत्राच्या पात्यांना धार लावत होते. इर्या दारात आली, त्यांच्याकडे बघितलं, तोंड उघडलं. तेवढ्यात काका तिला म्हणाले, पुढच्या वर्षी नुसत्या रेघा नाही कापणार, शंकरपाळ्यासारखी नक्षी काढणार आहे, तुला वरून दिसेल अशी.

इर्याने तोंड मिटलं आणि ती पुढच्या शनिवारचं बघू म्हणून निघून गेली.

मला तर त्यांच्याशी बोलता येत नाही. पण तुम्ही, मित्रांनो, त्या दारात तुम्ही असता तर काय केलं असतं?